डीएमएसओची बाटली घरात आली तर: सुजेवर किती चालतं, कुठे अंगाशी येतं

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर वर केलं तोवर मामा दारात उभे. कापडी पिशवीतून एक तपकिरी काचेची बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. "औषध खराब झालं काय बघ रे, रातीत दगड झालंय." आत खरंच पांढरा, खडीसाखरेसारखा गोळा होता. बाटली मुठीत धरून बसलो तशी थोड्या वेळानं कडेनं ओल सुटायला लागली. तेवढ्यात मामा जवळ वाकले आणि त्यांच्या तोंडाचा भपकारा आला.

"मामा, सकाळी सकाळी लसणाची चटणी काय?"

"एकादशी हाय आज. काय बोलूलालास?"

लेबल वाचायची गरज उरली नाही. साडेअठरा अंशाखाली गोठणारं आणि लावणाऱ्याच्या तोंडाला लसणाचा वास आणणारं द्रव म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, डीएमएसओ. मामांचा नातू एका लॅबमध्ये कामाला आहे. आजोबांचे गुडघे धरतात म्हणून त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि लॅबमधली अर्धी बाटली घरी आणली. "आठ दिस झाले लावूलालोय. बरं वाटूलालंय की," मामा म्हणाले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सांधेदुखीला तोटा नाही. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा महिनोन्महिने सांधे धरलेली माणसं मी रोज बघत होतो, आणि त्यांतले काही अजून थंडी पडली की येतात. शिवाय फाउंड्रीत वाकून काम करणारे, उसाच्या मोळ्या उचलणारे, तंबाखूच्या वखारीत दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या बायका. दुखणं जुनं झालं की माणूस डॉक्टर सोडून नाटी, म्हणजे गावठी, औषधाकडे जातो आणि तिथून मोबाइलकडे. डीएमएसओबद्दल विचारणारे अलीकडे वाढलेत, म्हणून जे काउंटरवर तुकड्यातुकड्यानं सांगतो ते इथं सलग लिहितो.

हे नेमकं काय आहे

मुळात हे औषध म्हणून जन्मलेलं नाही. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झायत्सेव्ह यांनी १८६६ मध्ये ते प्रथम बनवलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते रसायनांच्या कपाटात पडून राहिलं. लाकडापासून कागदाचा लगदा करताना जे गंधकयुक्त उरलंसुरलं निघतं त्यापासून ते स्वस्तात करता येतं, म्हणून अमेरिकेतल्या कागद कंपन्यांना त्याचा उपयोग शोधायचा होता. आपल्याकडे दांडेलीला जाऊन आलेल्या माणसाला लगद्याच्या कारखान्याचा तो कुजक्या कोबीसारखा वास वेगळा सांगावा लागत नाही. त्या वासातलं एक द्रव्य, डायमिथाइल सल्फाइड, हेच डीएमएसओ अंगात गेल्यावर शरीर तयार करतं आणि श्वासातून बाहेर टाकतं. मामांच्या तोंडाचा वास हाच.

उत्तम द्रावक म्हणून ते रंग, इलेक्ट्रॉनिक्स, कीटकनाशकं अशा कारखान्यांत वापरतात. रक्ताच्या कर्करोगावर मूळपेशी बदलताना त्या पेशी गोठवून ठेवायला साधारण १० टक्के डीएमएसओ घालतात, कारण त्यामुळे पेशीच्या आत बर्फाचे सुळे होत नाहीत. ही युक्ती १९५९ पासूनची आहे आणि आजही तिला तोड नाही.

औषध म्हणून गाजावाजा झाला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. ओरेगॉनच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक स्टॅन्ली जेकब यांच्या लक्षात आलं की हे द्रव कातडीवर ठेवलं की झपाट्यानं आत शिरतं आणि स्वतःबरोबर दुसरी द्रव्यंही नेतं. मग मुरगळीपासून संधिवातापर्यंत सगळ्यावर ते लावून बघायची लाट आली. १९६५ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध खात्यानं माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या, कारण कुत्रे, ससे आणि डुकरांना मोठे डोस दिल्यावर त्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसले होते. पुढे माणसांत तसं आढळलं नाही आणि बंदी सैल झाली, पण लाट ओसरली ती ओसरलीच. १९७८ मध्ये तिथं एका आजारासाठी मान्यता मिळाली: मूत्राशयाचा जुनाट दाह. गुडघ्याला नव्हे, कंबरेला नव्हे.

सूज खरंच उतरते का

इथं जरा थांबतो, कारण व्हिडिओवाले अर्धं खरं सांगतात आणि अर्धं खरं पूर्ण खोट्यापेक्षा जास्त विकतं.

सूज येते तेव्हा त्या जागी पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि ऑक्सिजनचे काही आक्रमक कण सोडतात. त्यांतला सर्वांत जहाल कण म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल. डीएमएसओ त्याला पकडून निकामी करतं, हे रसायनशास्त्राच्या प्रयोगांत पक्कं ठरलेलं आहे. पेशींवरच्या प्रयोगांत सुजेचे निरोप पोचवणाऱ्या काही साखळ्याही ते मंद करतं. प्राण्यांमध्ये दुखण्याचा संदेश नेणाऱ्या बारीक नसांचा वेग कमी झालेला दिसला आहे. म्हणजे मामांना 'बरं वाटूलालंय' यात त्यांची कल्पनाच असेल असं नाही.

पण काचेच्या बशीतल्या पेशी आणि साठी ओलांडलेला गुडघा यांत फरक आहे. गुडघ्याच्या झिजेवर काही छोट्या अभ्यासांत २५ टक्क्यांच्या जेलनं थोडा फायदा दिसला, तरी सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना ठाम काही म्हणता आलं नाही. मला सर्वांत पटणारा पुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतला आहे. तिथं डीएमएसओमध्ये विरघळवलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, नुसतं डीएमएसओचं द्रावण आणि नकली औषध अशी तुलना केली. डायक्लोफिनॅकवाल्या गटाला आराम पडला. नुसतं डीएमएसओ आणि नकली औषध यांत फारसा फरक निघाला नाही. त्या औषधात डीएमएसओ ४५.५ टक्के होतं आणि त्याचं काम हमालाचं होतं: डायक्लोफिनॅकची गोणी उचलून कातडीच्या आत टाकायची.

स्क्लेरोडर्मा नावाच्या आजारात बोटांना जखमा होतात. त्यावर ७० टक्के डीएमएसओ वापरून पाहिलं, तर नुसत्या सलाइनपेक्षा जास्त गुण आला नाही, उलट कातडी सोलवटली.

जिथं त्याला डॉक्टर खरोखर हात घालतात अशा जागा मोजक्या आहेत. मूत्राशयाच्या जुनाट दाहात ५० टक्क्यांचं ५० मिलिलिटर निर्जंतुक द्रावण नळीनं आत सोडतात, पंधरा मिनिटं राहू देतात आणि मग लघवीवाटे बाहेर जाऊ देतात. दर दोन आठवड्यांनी असं करतात. केमोथेरपीतलं ॲन्थ्रासायक्लिन गटाचं औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळू नये म्हणून कर्करोग विभागात ते वरून लावतात. नेदरलँड्समध्ये हात-पाय मोडल्यानंतर उरणाऱ्या विचित्र, जळजळत्या दुखण्यावर ५० टक्क्यांची क्रीम वापरली गेली आहे. ही सगळी कामं दवाखान्यातली आहेत, ठरलेल्या द्रावणाची आहेत आणि प्रत्येक ठिकाणी बघायला कोणीतरी जाणतं उभं असतं.

कर्करोग बरा होतो, लकवा जातो, मधुमेह सुटतो असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवा. त्याला पुरावा नाही. एवढंच सांगून पुढे जातो.

पहिली पायरी: लेबल उजेडात धरा

मामांच्या बाटलीवर वर ९९.९ असा ठसठशीत आकडा आणि खाली एल.आर. अशी दोन अक्षरं. "शंभराला शंभर शुद्ध हाय की," मामा खुश होते. घोटाळा इथूनच सुरू होतो.

एल.आर. म्हणजे लॅबोरेटरी रीएजंट, ए.आर. म्हणजे ॲनालिटिकल रीएजंट. ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या कामासाठी आहेत. शुद्धतेचा आकडा सांगतो की बाटलीत डीएमएसओ किती आहे. उरलेल्या अंशात काय आहे, बाटली कुठल्या हवेत भरली, आधी त्या यंत्रातून कुठलं रसायन गेलं होतं, हे तो सांगत नाही. इतर कुठल्या रसायनात ही कसर सोडून देता आली असती. डीएमएसओच्या बाबतीत ती कसरच कातडीतून आत जाते.

औषध असेल तर लेबलावर आय.पी., बी.पी. किंवा यू.एस.पी. (भारतीय, ब्रिटिश किंवा अमेरिकी औषधसंहितेच्या प्रतीची खूण) यांपैकी काहीतरी असतं, उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो, बॅच नंबर, मुदत, आणि चिठ्ठीवरच द्यायचं औषध असेल तर आरएक्सची खूण आणि लाल पट्टी असते. यांतलं काही नसेल, 'फक्त प्रयोगशाळेसाठी' किंवा 'औद्योगिक वापरासाठी' असं असेल, तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजच नाही, ती बाटली अंगाला लावायची नाही. जनावरांसाठी म्हणून मिळणाऱ्या जेललाही हेच लागू. परदेशात घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या सुजेवर डीएमएसओला रीतसर मान्यता आहे, म्हणून कोणी शर्यतीच्या बैलाचं उदाहरण देऊन गळ घालील. बैल दुसऱ्या दिवशी भात मळून, हात न धुता जेवायला बसत नाही, एवढं त्याला सांगा.

आणखी एक. आपल्याकडे लेबलं इंग्रजीत, दुकानातली बोली कधी कन्नड तर कधी मराठी. नाव कानानं ऐकून मागायला जाऊ नका. 'डीएमएसओ' आणि 'एमएसएम' यांतही लोक गोंधळतात. दुसरं म्हणजे मिथाइल सल्फोनिल मिथेन, जे पूरक आहाराच्या गोळ्यांत येतं. नात्यानं दोन्ही जवळचे, कारण शरीर डीएमएसओचा एक भाग एमएसएममध्येच बदलतं, पण वस्तू वेगळ्या. डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी किंवा बाटलीचा फोटो दाखवा.

दुसरी पायरी: दुखणं कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

कुठलाही लेप, तेल, मलम लावण्याआधी हे करावं, डीएमएसओ तर दूरच. सांधा सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेला राहतो का? दोन्ही हातांची बोटं सारखीच सुजतात का? असेल तर तो झिजेचा नव्हे, आतल्या वाताचा प्रकार असू शकतो आणि त्याला रक्ततपासणी आणि वेगळी औषधं लागतात. तिथं वरून काहीही चोळत बसलात तर सांधा वाकडा होईपर्यंत वेळ जातो.

एकच सांधा अचानक लाल, गरम, हात लावू न देणारा झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सांध्यात पू झालेला असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही, शिरेत गुठळी असू शकते. पडल्यानंतर पायावर भार घेता येत नसेल तर हाडवैद्याकडे जाण्याआधी एक्स-रे काढा.

तिसरी पायरी: आधी साधा रस्ता संपवा

हे लिहिताना मला माहीत आहे की साध्या गोष्टीला व्हिडिओसारखी चमक नसते. तरी सांगतो. गुडघ्याच्या झिजेवर आणि बोटांच्या सांध्यांवर डायक्लोफिनॅकचं साधं जेल चालतं, आणि त्यात डीएमएसओ नसतं. आपल्या दुकानांत मिळणारं १.१६ टक्क्यांचं जेल दर वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लावायचं. बहुतेक लोक वाटाण्याएवढं लावतात आणि 'गुण नाही' म्हणतात. चार ग्रॅम म्हणजे बरंच होतं, ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन-तीन दिवसांत संपते. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करायची गोळी किंवा हृदयविकार असेल तर हे जेलसुद्धा विचारूनच लावा.

जेलबरोबर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. मामा सांगून थकलो तरी करत नव्हते. आता करतात, बाटली काढून घेतल्यापासून.

चौथी पायरी: डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं

एवढं करूनही आराम नसेल आणि डीएमएसओचा विषय काढायचाच असेल तर लपवाछपवी करू नका. जिल्हा रुग्णालयात असो की खासगीत, ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, म्हणून कागदावर चार ओळी लिहून न्या: दुखणं किती दिवसांचं, आतापर्यंत काय लावलं, पोटातून कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि डोळ्याला मोतीबिंदू किंवा पूर्वीचं ऑपरेशन आहे का.

गोळ्यांची यादी महत्त्वाची, कारण त्वचेवरची इतर मलमं, हार्मोनची किंवा नायट्रोग्लिसरिनची पट्टी, इन्सुलिन टोचायची जागा, या सगळ्यांचं शोषण डीएमएसओमुळे वाढू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपून. सुलिंडॅक या वेदनाशामक गोळीबरोबर डीएमएसओ वापरल्यावर हातापायांच्या नसांना इजा झालेली नोंदली गेली आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल, दम्याचा किंवा पित्ताच्या गांधींचा रुग्ण, ज्याचं यकृत किंवा किडनी कमजोर आहे तो, यांनी विषयच काढायला नको. ज्यांना मूत्राशयाच्या दाहावर हे दीर्घकाळ द्यायचं असतं त्यांच्या डोळ्यांची तपासणी आधी आणि मधूनमधून करून घ्यायची असते. जनावरांवरच्या त्या जुन्या निष्कर्षामुळे हा नियम अजून टिकून आहे.

पाचवी पायरी: लावायचं ठरलंच तर हात, कातडी, कपडे

डॉक्टरनं लिहून दिलं, औषधी प्रतीचं आहे, टक्केवारी ठरलेली आहे, असं धरून हे लिहितो. इथं मी जास्त वेळ घेणार, कारण खरा धोका इथं आहे.

कातडीचा बाहेरचा थर हे आपल्या अंगाचं मेण लावलेलं दार. एरवी त्यातून फारच लहान रेणू आत जातात. डीएमएसओ ते दार काही वेळ किलकिलं करतं, आणि ६० टक्क्यांच्या वरच्या द्रावणात तर चांगलंच. त्या वेळात दारासमोर जे उभं असेल ते आत जातं. साबणाचा अंश, चेहऱ्याची क्रीम, डासांचं मलम, आणि आपल्या भागात सर्वांत वाईट म्हणजे फवारणीचं औषध.

अथणी-रायबागच्या उसात, खानापूरच्या भातात किंवा हुक्केरीकडच्या भाजीत सकाळी फवारणी करून आलेल्या माणसाच्या हातावर, मनगटावर, पँटच्या गुडघ्यावर ते औषध बसलेलं असतं. बरीच कीटकनाशकं कातडीतून तशीही आत जातात. त्यावर डीएमएसओ चोळणं म्हणजे आत जायचा रस्ता झाडून देणं. निपाणीच्या तंबाखूचंही तेच. ओल्या पानातलं निकोटिन हातातून रक्तात जातं, मळमळ-चक्कर येते, हे तंबाखूत काम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं बोटांच्या ठणक्यावर डीएमएसओ लावून परत पान हाताळलं तर काय होईल ते तिलाच विचारा.

म्हणून क्रम असा. ज्या दिवशी फवारणी, तंबाखू, डिझेल, थिनर, फाउंड्रीतली काजळी यांना हात लागला त्या दिवशी नाही. एरवी आंघोळ करून, साधा साबण पूर्ण धुऊन, कातडी कोरडी करून मगच. जागेवर खरचटलं, फोड, नायटा, ताजं दाढी केलेलं काही नको. पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत थोडं लावून चोवीस तास बघायचं. लाली, खाज, जळजळ बऱ्याच जणांना होते, कारण डीएमएसओ कातडीतल्या पेशींमधून हिस्टामिन हे खाज-लाली आणणारं द्रव्य सोडायला लावतं. घट्ट द्रावण ओल्या कातडीला लागलं तर गरमही वाटतं. पाणी आणि डीएमएसओ मिसळताना उष्णता निघते, ती ही. गांधी उठल्या, सूज आली तर तिथंच थांबायचं.

लावताना हात स्वच्छ हवेत, आणि लावून झाल्यावर लगेच धुवायचे, मग डोळ्याला, तोंडाला, नातवंडाला हात लावायचा. पातळ रबरी मोज्यांवर विसंबू नका, अशा द्रावकापुढे ते फार वेळ टिकत नाहीत. कपडा चढवण्याआधी जागा पूर्ण वाळू द्या. स्वस्त गुडघापट्टीचा रंग आणि चिकट द्रव्यही डीएमएसओ विरघळवतं. अर्धा तास तरी त्या जागेवर पाणी नाही, आणि वाळल्याशिवाय त्यावर दुसरं काही लावायचं नाही. उन्हात ती जागा उघडी ठेवू नका. पट्टी बांधून, वरून शेकून ते 'आणखी आत' घालवायचा उद्योग तर अजिबात नको.

आता आमच्याकडचा खास प्रकार: हळद, बिब्बा, निलगिरी, कुठलंसं वाताचं तेल यांत डीएमएसओ मिसळून 'पॉवर' वाढवणं. मला हे तीन वेगवेगळ्या माणसांनी उत्साहानं सांगितलं आहे. बिब्बा नुसता लागला तरी कातडी जळते. बिनलेबलच्या वाताच्या तेलात काय घातलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ते पोटात घ्याल का, असं मी विचारतो. 'छे' म्हणतात. मग कातडीतून रक्तात का घालताय?

सहावी पायरी: तोंडावाटे, शिरेतून, डोळ्यात, नाकात कधीही नाही

व्हिडिओत पाण्यात चार थेंब टाकून प्यायला सांगतात. त्यात एक आकडा फिरतो तो खरा आहे: उंदरांवरच्या चाचण्यांत डीएमएसओचा मारक डोस मिठापेक्षाही बराच जास्त निघाला. पण तो एका वेळच्या डोसाचा आकडा आहे. रोज पीत राहिल्यावर यकृताचं, डोळ्यांचं, इतर गोळ्यांचं काय होतं, आणि त्या बाटलीतल्या अशुद्धीचं काय, हे त्यातून कळत नाही. मूळपेशी बदलताना डीएमएसओ शिरेतून जातं तेव्हा मळमळ, उलटी, रक्तदाब वर-खाली होणं, छाती आवळणं हे बघायला शेजारी मॉनिटर आणि नर्स असते. घरी कोण असतं?

मूत्राशयात सोडायचं ५० टक्क्यांचं द्रावण घरी पाणी घालून बनवता येईल का, असंही एकदा मला विचारलं गेलं. ते निर्जंतुक असावं लागतं. बोअरच्या पाण्यात बनवलेलं द्रावण मूत्राशयात घातलं तर दाह बरा व्हायचा राहिला, जंतुसंसर्ग पक्का.

सातवी पायरी: काय दिसलं की थांबायचं

लसणाचा वास दोन-तीन दिवस राहतो. त्यात धोका काही नाही, मात्र घरात वाद होतात. कातडी कोरडी पडणं, पापुद्रे निघणं ही सर्वांत जास्त दिसणारी तक्रार, ती वाढली तर बंद. धूसर दिसणं, दिव्याभोवती वलयं दिसणं, अंगभर गांधी, ओठ किंवा चेहरा सुजणं, धाप, चक्कर, लघवी लालसर किंवा डोळे पिवळे, यांतलं एकही झालं तर धुऊन टाका आणि दवाखान्यात जा, बाटली बरोबर घेऊन. श्वास लागला तर १०८. कोणी चुकून प्यायलं किंवा फवारणीनंतर लावून मळमळ-घाम-लाळ सुरू झाली तर तिथल्या डॉक्टरांना दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक द्या, तिथं अहोरात्र सल्ला मिळतो. पण फोन करत घरी बसू नका. कीटकनाशकाची शंका असेल तर कुठलं होतं ते डब्यासकट सांगा.

औषध रीतसर घेतलेलं असून त्रास झाला तर तो नोंदवावा, हे आपल्याकडे कोणी करत नाही. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८०० १८० ३०२४ आहे, रुग्ण स्वतःही कळवू शकतो. सरकारी आणि बहुतेक मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचा कागदी फॉर्मही मिळतो.

ठेवायचं कुठे आणि टाकायचं कसं

घट्ट झाकणाच्या मूळ बाटलीतच ठेवा, कारण डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टक्केवारी बदलते. आपल्या पावसाळ्यात, जांबोटी-कणकुंबीकडच्या दमट घरात तर झाकण सैल राहिलं की आठवड्यात फरक पडतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणं हा गुन्हाच समजा, रंग पाण्यासारखा असतो, मूल पिऊन टाकेल. हिवाळ्यात गोठलं तर खराब झालं असं नव्हे, खोलीच्या उबेत परत पातळ होतं. गॅसवर ठेवून वितळवू नका.

नको असलेली बाटली मोरीत ओतायची नाही, विहिरीजवळ तर मुळीच नाही. गटारातले जीवाणू त्याचं पुन्हा त्याच घाण वासाच्या सल्फाइडमध्ये रूपांतर करतात, आणि गल्ली तुम्हाला शोधत येईल. जिथून आणली तिथं परत द्यावी. प्रयोगशाळांना आणि कारखान्यांना द्रावकांची विल्हेवाट लावायची ठरलेली पद्धत असते.

मामांच्या बाटलीचं तेच झालं. नातू रविवारी आला तेव्हा मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिली. पोरगा मान खाली घालून उभा होता. मामा मध्ये पडले, "त्याला कशाला बोलूलालास, माझ्यासाठीच आणलं की त्यानं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बरं, ते जेल एका वेळी किती लावायचं म्हणालास?"

मी ट्यूब उघडून त्यांच्या तळहातावर चार ग्रॅम काढून दाखवलं. "एवढं?" मामा म्हणाले. "मग महिन्याला किती ट्यूबा लागतील रे?"